हायड्रॉलिक क्लच दर महिन्याला बसतो? हवा काढण्याआधी हे बघा

सकाळी बाइक काढली तेव्हा क्लच लोण्यासारखा. औंधवरून निघून वाकडच्या पुलाखाली पोचायला चाळीस मिनिटं लागली, तेवढ्यात इंजिनाचा पंखा तीनदा सुरू झाला, आणि लिव्हर वेगळंच वागायला लागली. आधी अर्ध्यावर सुटणारा क्लच आता ग्रिपला टेकवल्याशिवाय सुटेना. सिग्नलला पहिल्या गियरमध्ये लिव्हर पूर्ण ओढून उभा होतो तरी गाडी पुढे रेटत होती. न्यूट्रल शोधायला गेलो तर पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. शेवटी इंजिन बंद करून न्यूट्रल घातला. मागच्या रिक्षावाल्याचं जे काय म्हणणं होतं ते त्याने हॉर्नवरच सांगितलं.

गॅरेजात नेली. “हवा धरलीय, अर्ध्या तासात काढून देतो.” (हायड्रॉलिक क्लचमध्ये लिव्हर केबल ओढत नाही, पाइपातलं तेल ढकलते; त्या तेलात हवा शिरली की जोर तिथेच जिरतो.) काढली. तीन आठवडे सगळं मस्त. मग पुन्हा वाकडचा पूल. असं चार वेळा झालं. गाडी दोन सिलिंडरची, हजारच्या आसपास सीसीची, सेकंड हँड घेतलेली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. दोष दहा वर्षं जुन्या रबराचा होता, आणि बऱ्यापैकी माझाही.

चौथ्या वेळी ज्याने डोळे उघडले तो बाइकचा मेकॅनिक नव्हताच. ट्रकच्या ब्रेकची कामं करणारा एक म्हातारा फिटर होता. ट्रकचा, जीपचा क्लच याच तत्त्वावर चालतो, त्यामुळे त्याला नवल वाटलं नाही. तो एवढंच म्हणाला, “हवा काढता ते ठीक, पण ती जाते कुठून? हवा काय तेलात उगवते?” पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून आलेलं आहे.

आधी मोजा

“क्लचचा फील बिघडलाय” म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवावं लागतं. लिव्हर ग्रिपपासून किती लांब उभी आहे, ही एक गोष्ट. ओढायला किती जड जाते, ही दुसरी. आणि सोडताना क्लच कुठे पकडतो, ही तिसरी. तिघांची दुखणी वेगळी आणि दवाही वेगळी. तरी आपण तिन्हींना एकच औषध देतो, ते म्हणजे ब्लीडिंग, हवा काढणं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पकडायची जागा मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. पॅडॉक स्टँडवर मागचं चाक उचला, इंजिन बंद ठेवा, पहिला गियर घाला, लिव्हर पूर्ण ओढा. मग दुसऱ्या कुणाला तरी मागचं चाक हाताने फिरवायला सांगा आणि तुम्ही लिव्हर अगदी सावकाश सोडत या. चाक अडलं की थांबा आणि लिव्हरच्या टोकापासून ग्रिपपर्यंतचं अंतर शाळेतल्या पट्टीने मोजा. हे गाडी थंड असताना एकदा आणि ट्रॅफिकमधून आल्या आल्या एकदा करायचं. माझे आकडे थंड असताना ३८ मिमी आणि तापल्यावर २४ मिमी होते. हे दोन आकडे हातात आल्यावर “मला वाटतं जरा खाली गेलाय” ही भाषा संपली. तुमचे आकडे वेगळे येतील, त्याला हरकत नाही. महत्त्वाचा तो थंड आणि गरम यांतला फरक.

लिव्हरवरचं चाक

सोप्यापासून सुरुवात करतो. बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या बुडाशी आकडे लिहिलेलं छोटं चाक असतं. त्याने लिव्हर ग्रिपच्या जवळ येते किंवा लांब जाते. बस, तेवढंच. हायड्रॉलिक क्लचला केबलसारखा ताण कमी-जास्त करायचा ॲडजस्टर नसतो. प्लेटा झिजतील तसा तो स्वतःच जुळवून घेतो. पण या चाकाचा एक छुपा परिणाम आहे. लिव्हर जितकी ग्रिपजवळ आणाल तितका तिला ओढायला कमी प्रवास उरतो. प्रवास कमी म्हणजे मास्टर सिलिंडरचा (लिव्हरपाशी तेल ढकलणाऱ्या नळकांड्याचा) दट्ट्या कमी सरकतो, आणि क्लच पूर्ण सुटण्याआधीच लिव्हर ग्रिपला भिडते.

माझी बोटं आखूड आहेत, म्हणून मी चाक सगळ्यात जवळच्या आकड्यावर ठेवलं होतं. म्हणजे आजार दुसराच होता, पण तो सोसायची गाडीची ताकद मीच कमी करून ठेवली होती. न्यूट्रल सापडत नसेल तर काहीही उघडायच्या आधी हे चाक एक-दोन घरं लांब करून बघा. कुठल्या कंपनीत १ म्हणजे लांब असतं, कुठे १ म्हणजे जवळ, तेव्हा आकड्यावर जाऊ नका, अंतर बघा.

दीड मिलीचा खेळ

हवेचा एवढा बाऊ का करायचा, ते एकदा आकड्यांतच बघू. समजा मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १४ मिमी व्यासाचा आहे आणि लिव्हर पूर्ण ओढल्यावर तो १० मिमी सरकतो. म्हणजे तो ढकलतो ते तेल फक्त १.५ मिली. खाली इंजिनाजवळचा, त्या तेलाच्या जोरावर क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर समजा २८ मिमीचा. त्याचं क्षेत्रफळ मास्टरच्या चौपट, म्हणून तो सरकतो अडीच मिमी. या अडीच मिमीत प्रेशर प्लेट (प्लेटांचा गठ्ठा दाबून धरणारी तबकडी) उचलायची, नऊ-दहा फायबर प्लेटा आणि त्यांच्यामधल्या स्टीलच्या प्लेटा मोकळ्या करायच्या. वरकड काही नाही.

आता त्या लाइनमध्ये ०.३ मिली हवा शिरली. म्हणजे सहा थेंबांएवढी. क्लचच्या स्प्रिंगा दाबताना लाइनमध्ये हवेच्या दाबाच्या वीसेकपट दाब तयार होतो, त्यात हा बुडबुडा दबून जवळजवळ नाहीसा होतो. पण त्याला दाबण्यात दीड मिलीतला पाचवा हिस्सा खर्ची पडला. स्लेव्हला अडीचऐवजी दोनच मिमी मिळाले. प्लेटा अर्ध्या चिकटलेल्याच राहिल्या. ब्रेकमध्ये एवढ्याने लिव्हर जरा मऊ लागते, पण ब्रेक लागतो. क्लचला तेवढी चैन परवडत नाही.

तापल्यावर हेच वाढतं. स्लेव्ह सिलिंडर सरळ इंजिनाच्या केसिंगला बोल्ट केलेला असतो, बहुतेक गाड्यांत पुढच्या स्प्रॉकेटच्या शेजारी, चेनच्या मळात. ब्रेकच्या कॅलिपरला निदान वारा लागतो; याला इंजिनाची धग तेवढी. शिवाय इथलं तेल जागच्या जागी मागे-पुढे होत राहतं, वरचं ताजं तेल खाली पोचतच नाही. म्हणून एकाच दिवशी भरलेलं ब्रेकचं तेल अजून मधासारखं असतं आणि क्लचचं मात्र कोऱ्या चहासारखं होतं.

या लाइनमधलं डॉट ४ तेल, म्हणजे ब्रेकलाही वापरतात ते, हवेतली ओल ओढून घेतं. नव्या तेलाचा उकळबिंदू किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक ओल शोषलेल्या तेलाची किमान मर्यादा १५५° असते. आपल्या पावसाळ्यात, त्यातून कोकणात वरचेवर जाणं असेल तर, मॅन्युअलात लिहिलेली दोन वर्षांची मुदत मी दीड वर्षावर आणून ठेवलीय. आणि उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका. शंभर-दोनशे रुपये वाचवण्याची ती जागा नव्हे.

दोन चाचण्या, पाच मिनिटं

पहिली चाचणी. इंजिन तापलेलं असताना, लक्षण हजर असताना, लिव्हर पटापट चार-पाच वेळा दाबा आणि लगेच पकडायची जागा बघा. पंप केल्यावर ती बाहेर आली, म्हणजे क्लच एकदम सुधारला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा कुठलंतरी सील दट्ट्याला नीट साथ देत नाही.

दुसरी. इंजिन चालू, पहिला गियर, पुढचा ब्रेक घट्ट धरलेला, लिव्हर पूर्ण ओढून मिनिटभर तशीच धरून ठेवा. समोर मोकळी जागा असू द्या. सुरुवातीला क्लच सुटलेला आणि मग लिव्हर न हलवताही हळूहळू गाडी पुढे रेटायला लागली, तर दाब टिकत नाही. तेल कुठेतरी सील ओलांडून मागे जातंय. बाहेर ओल दिसत नसेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या कपसीलवर घ्या. स्लेव्ह गळत असेल तर खाली कुठेतरी खूण सापडतेच.

दोन्ही चाचण्यांत काही सापडलं नाही, लिव्हर दगडासारखी पक्की आहे, आणि तरी क्लच सुटत नाही? मग तेलाच्या मागे लागू नका. बास्केटला (प्लेटा बसतात त्या टोपलीला) खाचा पडल्यात, स्टील प्लेट वाकलीय, किंवा इंजिनात भलतंच ऑइल आहे. कारचं ऑइल टाकलेली एक गाडी मी पाहिलीय, तिची तऱ्हा उलटी होती: क्लच सुटायचा व्यवस्थित, पकडायचाच नाही. बाइकसाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए २ लिहिलेलं बघूनच घ्या. आणि रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिला गियर घालताना खाडकन आवाज आला तर घाबरू नका. ओल्या क्लचच्या प्लेटा थंडीत चिकटतात, तेवढंच.

माझ्या गाडीत पंप केल्यावर क्लच सुधारायचा. म्हणजे हवा. पण चार वेळा काढलेली हवा परत परत येतेय, तर म्हाताऱ्याचा प्रश्न उरतोच.

रबराच्या टोपणाखाली

स्प्रॉकेटचं कव्हर काढलं. आत चेनचं वंगण, धूळ आणि पावसाळ्याचा चिखल यांचा बोटभर काळा थर. तो केरोसिनच्या ब्रशने साफ केला, स्लेव्हचे तीन बोल्ट सोडले आणि सिलिंडर हळूच मागे ओढला. इथे एक सांगून ठेवतो: स्लेव्ह इंजिनापासून वेगळा असताना कुणीही लिव्हर दाबता कामा नये. दट्ट्या बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो आणि मागोमाग तेल. घरात लहान मुलं असतील तर लिव्हरला कागद चिकटवून ठेवा. आमच्याकडे पुतण्याने दाबलीच.

स्लेव्हच्या तोंडावरचं रबरी टोपण नखाने उचललं. खाली कोरडं असायला हवं होतं. होती ती तपकिरी, चिकट, मलमासारखी लापशी, तिला जळक्या माशासारखा वास. ब्रेक ऑइल, चेनचं वंगण आणि दट्ट्याच्या ॲल्युमिनियमची भुकटी, असा तो मेळ. दट्ट्या बाहेर काढून उजेडात धरला तर सीलची ओठासारखी कड एका बाजूने चपटी झालेली. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला जाणवेल असा खड्डा मात्र नव्हता, नाहीतर नुसत्या सीलने भागलं नसतं, अख्खा स्लेव्ह बदलावा लागला असता.

आता हवा कुठून जायची ते कळलं. सील असं बनवलेलं असतं की आतून दाब आला की त्याची कड भिंतीला अधिकच घट्ट बसते. म्हणून लिव्हर दाबताना गळती जेमतेम, आणि जी व्हायची ती गरम केसिंगवर सुकून मळात मिसळायची, जमिनीवर थेंब पडायचाच नाही. पण लिव्हर फटकन सोडली की आतला दाब क्षणभर उतरतो, आणि त्या क्षणी थकलेली कड बाहेरची हवा आत घेते. दर सिग्नलला थोडी थोडी. तीन आठवड्यांत सहा थेंब जमायला काहीच हरकत नाही.

सील किट मागवलं, नवं रबर बसवण्याआधी ताज्या ब्रेक ऑइलने ओलं केलं. साधं ग्रीस लावू नका, पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला फुगवतं. हाच नियम तेलालाही आहे. बहुतेक गाड्यांच्या क्लचला डॉट ४ लागतं, पण काही बीएमडब्ल्यूंना आणि मागुरा कंपनीच्या बऱ्याच क्लचना मिनरल ऑइल लागतं. एकातलं दुसऱ्यात टाकलंत की सगळी रबरं बाद. हँडलवरच्या तेलाच्या छोट्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा, ज्ञानी मित्राला विचारत बसू नका. जांभळ्या रंगाचं डॉट ५ सिलिकॉनचं असतं, तेही डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. आकडा मोठा म्हणून तेल भारी, असं इथे नसतं.

हवा काढायची ती खालून वर

आता ब्लीडिंग. हवेला वर जायचं असतं आणि आपण नेहमीच्या पद्धतीत तिला खाली ढकलून स्लेव्हवरच्या निपलमधून (तेल-हवा सोडायच्या बारीक तोटीतून) बाहेर काढायला बघतो. ब्रेकमध्ये एका दाबात तुलनेने जास्त तेल सरकतं म्हणून ते जमतं. क्लचमध्ये एका दाबात दीड मिली; बुडबुडा थोडा खाली जातो आणि तुम्ही दम घेईपर्यंत परत वर.

म्हणून उलटं करा. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, साठ मिलीची मिळाली तर उत्तम. फिश टँकच्या दुकानातून निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी घ्या. वरच्या टाकीतलं जुनं तेल दुसऱ्या सिरिंजने शोषून काढा. मग ताजं तेल भरलेली सिरिंज नळीने स्लेव्हच्या निपलला जोडा. नळीत बुडबुडा नाही हे दोनदा बघा, नाहीतर हवा काढायच्या नादात तुम्हीच हवा भराल. निपल पाव आटा उघडा आणि सावकाश दाबा. टाकीत आधी काळपट तेल वर येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ तेल. टाकी भरत आली की थांबा, वरून शोषा, पुन्हा दाबा. सिरिंजच्या दट्ट्याचं काळं रबर ब्रेक ऑइलने फुगतं आणि दुसऱ्या दिवशी जाम होतं, तेव्हा ती एका वेळचीच समजा.

टाकीभोवती ओली चिंधी गुंडाळून ठेवा आणि शेजारी पाण्याची बाटली. डॉट ४ रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

एवढं करूनही शेवटचा बुडबुडा एका जागी दडून बसतो: मास्टर सिलिंडरच्या बॅन्जो बोल्टपाशी, म्हणजे पाइप सिलिंडरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते, डावं हँडल खाली जातं आणि पाइपाचं तोंड सिलिंडरपेक्षा उंच होतं. बुडबुडा आरामात तिथे राहतो. हँडल पूर्ण उजवीकडे वळवा, म्हणजे डावं टोक पुढे आणि वर येतं. मग लिव्हर फक्त पाच-सात मिमी हलवत बसा. झाकण उघडं असताना जोरात ओढू नका, कारंजं थेट चष्म्यावर येतं. टाकीच्या तळातून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे येत राहतील. मी हे दहा मिनिटं केलं, शेवटचा बुडबुडा नवव्या मिनिटाला आला. तरी शंका असेल तर लिव्हर रबरबँडने ग्रिपला बांधून, हँडल तसंच ठेवून रात्रभर सोडा. याने नक्की काय होतं यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या गाडीत सकाळी लिव्हर सोडल्यावर दोन बुडबुडे आले, एवढं मी पाहिलं.

टाकी वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. ब्रेकची पॅडं झिजतात तशी ब्रेकच्या टाकीतली पातळी उतरते, पण क्लचमध्ये उलटं असतं. प्लेटा झिजून पातळ झाल्या की प्रेशर प्लेट आत सरकते, स्लेव्ह आणि प्रेशर प्लेट यांच्यामधली सळई, म्हणजे पुशरॉड, स्लेव्हच्या दट्ट्याला मागे रेटतो आणि तेल वर टाकीत जातं. क्लचच्या टाकीतली पातळी महिन्यागणिक वाढत असेल तर ते शुभ लक्षण नाही, आणि उतरत असेल तर गळती शोधा.

आखूड लिव्हरने केलेला घोळ

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नव्या सीलच्या आनंदात मी ऑनलाइन घेतलेल्या आखूड, काळ्या, दिसायला झकास लिव्हरी लावल्या. आठवड्याने ताम्हिणी उतरून माणगावकडे जाताना पाचव्या गियरमध्ये थ्रॉटल पिळला तर इंजिन ओरडतंय आणि गाडी काही उचलत नाही. क्लच स्लिप. आधी सुटत नव्हता, आता पकडत नव्हता. अर्धा तास टपरीवर चहा प्यालो, गाडी गार झाली, सगळं ठीक. वीस किलोमीटरवर पुन्हा तेच.

मास्टर सिलिंडरमध्ये टाकीपासून आत जाणारं केसाएवढं बारीक भोक असतं. लिव्हर पूर्ण सुटलेली असताना ते उघडं राहतं, आणि तापून फुगलेलं तेल त्यातून टाकीत परत जातं. लिव्हर ओढली की दट्ट्याचं सील भोक ओलांडून पुढे जातं आणि मग दाब तयार होतो. नव्या लिव्हरचं मास्टरच्या दट्ट्याला ढकलणाऱ्या (वरच्या) पुशरॉडवर टेकणारं नाक मूळ लिव्हरपेक्षा अर्धा-पाऊण मिमी पुढे होतं. म्हणजे लिव्हर सोडलेली असली तरी दट्ट्या जरासा दाबलेलाच, भोक कायम बंद. थंड असताना काही फरक पडत नाही. तापलं की तेल फुगतं, त्याला परत जायला वाट नाही, ते स्लेव्हला ढकलतं. थोडक्यात, इंजिनाची उष्णताच तुमच्या वतीने क्लच अर्धवट दाबून धरते.

हे तपासायची रीत सोपी आहे. टाकीचं झाकण काढा, लिव्हर बोटाने जेमतेम हलवा. तेलाच्या पृष्ठावर लहानशी उसळी दिसली पाहिजे. दिसली नाही तर एकतर लिव्हरला मोकळी चाल नाही किंवा ते भोक घाणीने बुजलंय. बुजलं असेल तर गिटारची सगळ्यात बारीक तार हलक्या हाताने घालून मोकळं करता येतं. सुई किंवा ड्रिल घालू नका, भोकाच्या कडेला ओरखडा आला की नवं सील तिथेच फाटतं. मोकळी चाल नसेल तर लिव्हर बदला. पुशरॉडवर ॲडजस्ट करायचा स्क्रू असेल तर मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी चाल ठेवा, आणि कंपनीने तो रंग लावून बंद केला असेल तर त्याला हात लावू नका.

रस्त्यात अडकलात तर लिव्हर सैल करून, म्हणजे ती ज्यावर फिरते तो पिव्हट बोल्ट काढून ती जराशी मागे घेऊन बघा. पकड लगेच परत आली तर रोग हाच. प्लेटा जळाल्या असं सांगून कुणी क्लच सेट गळ्यात मारायच्या आत हे करा. मी जुन्या लिव्हरी परत लावल्या. काळ्या लिव्हरी आता माळ्यावर आहेत.

जड लागतो त्याचं काय

यात माझं मत जरा कठोर आहे: “क्लच जड आहे” या तक्रारींतल्या निम्म्या मनगटाच्या कोनाच्या असतात. गाडीवर नेहमीसारखं बसा, डोळे मिटा, हात ग्रिपवर ठेवून बोटं सरळ करा. बोटं लिव्हरवर सरळ पडली पाहिजेत. मनगट वर मोडत असेल तर क्लॅम्पचे दोन बोल्ट सैल करून मास्टर सिलिंडर थोडा खाली फिरवा, आणि जमत असेल तर सेंटिमीटरभर आत सरकवा, म्हणजे दोन बोटं लिव्हरच्या टोकाशी पडतील आणि तरफ लांब मिळेल. क्लॅम्पवर बाण किंवा खूण असेल तर ती वर ठेवा, वरचा बोल्ट आधी आवळा, मग खालचा.

मग पिव्हट. बोल्ट काढा, जुनं वाळकं ग्रीस पुसा, नवं लावा. काही गाड्यांत पुशरॉडचं टोक लिव्हरमधल्या छोट्या बुशमध्ये बसतं. तो कोरडा चालून झिजला की तिथे मिमीभर ढिलाई येते, आणि लिव्हरची तरफ सहास एक धरली तर टोकाशी ती सहा मिमी होते. ज्याला लोक हवा समजतात ती कित्येकदा ही ढिलाई असते. बुश स्वस्त असतो, मिळायला मात्र वेळ लागतो.

मोठ्या दट्ट्याचा स्लेव्ह घालून क्लच हलका करता येतो, पण फुकट काही मिळत नाही. २८ ऐवजी ३० मिमीचा स्लेव्ह घातला तर जोर १३ टक्के कमी लागतो आणि स्लेव्हचा प्रवासही तेवढाच घटतो; आधीच्या हिशेबातले अडीच मिमी सव्वादोनच्याही खाली येतात. पकडायची जागा ग्रिपकडे सरकते. माझ्यासारखा लिव्हर जवळ ठेवणारा माणूस पुन्हा न्यूट्रलच्या शोधात लागेल. स्टीलच्या जाळीचा पाइप ब्रेकला घाला, तिथे फरक कळतो. क्लचला तो शोभेचाच जास्त.

केबलवाल्यांनी यातलं फारसं मनावर घेऊ नये. पल्सर, ड्यूक ३९०, रॉयल एनफिल्ड यांना केबल आहे, आणि लिव्हरचा जोर कमी करणारा असिस्ट क्लच आल्यापासून केबलही इतकी हलकी झालीय की हायड्रॉलिकची गरज बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. हायाबुसा, रॉकेट ३, बऱ्याचशा डुकाटी यांच्या मालकांना मात्र कधी ना कधी स्लेव्हचं टोपण नखाने उचलावं लागणारच.

नवं सील बसून आता सात महिने झाले. चाक मधल्या आकड्यावर, लिव्हर जुनी. मागच्या शनिवारी वाकडहून परत आल्या आल्या पट्टी लावली: थंड असताना ३८ मिमी, गरम ३६. उरलेल्या दोन मिमीसाठी काही उघडायचा विचार नाही.